बडग्याचे दात

आज्यानं प्लेग बांधला होता,
बाबानं पोट सुटलेला रेशनचोर.
कमच्या, रद्दी, खळ.
मग मी गुटखा.
मग ते काटेरी चेंडूवालं,
ज्याले मिरवाले इतवारीत माणूसच नोता.

यंदा वर्गणीवाले म्हणाले,
फोनवाला बनव, गुणवंता.

आता ह्याले तोंड कुठून आणू?
हा त गोड बोलते.
परवा माह्या शेवंताच्या आवाजात
पाच हजार मागून गेला.

पोळ्याच्या रात्री कोरा कागद पाहात बसलो.
मग माळ्यावरचा डबा काढला.

दात. सागवानाचे. सतरा.
आग लावायच्या आधी
बाबा दरसाली उपटून घेत,
पुढच्याले लागतीन म्हणत.

फोनवाल्याले बरोबर बसले.
एक जरा घासा लागला.