इंच आणि फूट

चौदा बाय बावीस.
एवढंच माझं शिवार, सांगलीवाडीत,
फाटक उघडलं की डाव्या हाताला.
हिरवळ म्हणा, लॉन म्हणा.
वाटवेवहिनी म्हणतात, बिनकामाचं गवत.
त्यांच्या अंगणात आता पेव्हर ब्लॉक आहेत,
लाल-करडे, दर शुक्रवारी धुतलेले.

उन्हाळ्यात पाणी पहाटे पाचला.
रोज चमचा चमचा नाही,
तिसऱ्या दिवशी, पण पोटभर.
मग पाइप गुंडाळायचा आणि मातीत बोट खुपसायचं.
मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीची पोती मोजली मी;
कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय
कुठल्याच पोत्यावर विश्वास ठेवत नाही.

आषाढ लागला की पाइप खुंटीला.
ओल्यात कापायचं नाही, पातं गवत ओरबाडतं.
उघडीप मिळाली तरच, तीही वरची तिसरी काडी,
त्याहून जास्त काढलं तर गवत रुसतं
आणि पिवळं पडून आठवडाभर बोलत नाही.
या दिवसांत माझ्या वहीत दोन रकाने असतात.
आयर्विन पूल: फुटांत.
गवत: इंचांत.
दोन्ही वाढतात. झोप मात्र एकानेच उडते.

चैत्रात दर वर्षी पोयटा विकत आणायचे,
घमेल्यानं मोजून, चाळून, हातानं पसरून.
त्या वर्षी नदीनं घरपोच दिला.
चाळलेला नव्हता.

अकरा दिवसांनी मिरजेहून, नणंदेकडून परतले
तर फाटक उघडेना.
आत चार बोटं गाळ, त्यात एक चप्पल, कुणाची कोण जाणे,
आणि माझं चौदा बाय बावीस कुठंच नाही.
तेजस पुण्याहून म्हणाला, आई, फरशी टाक,
कटकट मिटेल.
खरंच मिटली असती.

मी गाळ लगेच खरवडला नाही.
आधी घर धुतलं. गाद्या फेकल्या.
तोवर गाळ वाळला, तडकला,
आणि एका फटीतून हरळीचं टोक वर आलं,
सुईत दोरा ओवताना येतं तसं, वाकडं, ओलं.
मग मात्र पंजा घेऊन बसले.
वरची पापडी काढली, खालची राहू दिली,
काट्यानं भोकं पाडली वीत-वीत अंतरावर,
निंबोळी पेंड टाकली. हुमणी निघाली,
पांढरी, गुबगुबीत, डझनावारी.
साळुंक्यांना कळवावं लागलं नाही.

लव्हाळाही आला. त्याला कोण बोलावतं?
एक गाठ उपटावी तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी,
जपमाळ ओढल्यासारखी.
अजून ओढतेय.

मोवर रियाज पखालीकडे दिला.
"ताई, गाळानं बेअरिंग खाल्लंय," म्हणाला,
"नवा घ्या की." मग स्वतःच म्हणाला, "थांबा, बघतो,"
आणि दीड महिना बघत राहिला.
तेवढ्या काळात गवत गुडघ्याला लागलं
आणि ईशान्य कोपऱ्यात, गवताच्या वर,
काहीतरी वेगळं हललं.
ऊस.
कुणाच्या तरी रानातलं एक कांडं वाहत आलं होतं,
डोळा वर करून पडलं होतं, फुटलं.

पुस्तकाप्रमाणे ते तण. उपटायला पाहिजे.
मी त्याच्याभोवती गोल कापते.
मोवर तिथं आला की हात आपोआप वळतो,
देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा नाही,
झोपलेल्या माणसाला ओलांडू नये तसा.

थंडीत गवत मंदावतं. खत बंद, पाणी निम्मं,
कडा सरळ करायच्या, पातं पाजवून ठेवायचं.
कार्तिकात वाटवेवहिनी फाटकाशी आल्या.
तुळशीच्या लग्नाला दोन ऊस हवे होते.
"बाजारात मिळतात की," मी म्हटलं.
"मिळतात," त्या म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या,
चपला काढून, गवतावर.
दोन दिले. खोडवा ठेवला.

आज श्रावणातला सोमवार. पाऊस थांबलाय.
वही उघडली:
पूल, बावीस फूट.
गवत, अडीच इंच.
उसाला रकाना नाही.