तक्ता दोन, ओळ सत्तेचाळीस

बढतीची समिती आली त्या दिवशी
मी मागच्या बेसिनला काचनळ्या धूत होतो.
त्यांनी विचारलं, संदर्भ किती?
बाई म्हणाल्या, तेराशे बारा.
मला वाटलं, पेशंट.

मग टपरीवर, उभ्या उभ्या, बाईंनी सांगितलं:
आपण छापलेला निबंध
दुसऱ्या कुणी त्याच्या निबंधात नाव घेऊन आठवला
की तो एक.
म्हणजे उचकी की ओ, मी म्हणालो.
बाईंना चहाचा ठसका लागला.
हो मल्लिनाथ. तेराशे बारा उचक्या.

त्या वर्षीचा ऑक्टोबर मला पाठ आहे.
विडी घरकुलात नळ चौथ्या दिवशी,
म्हणून दारोदारी पिंप,
पिंपावर फळी, फळीखाली डासांचं बाळंतपण.
बर्फाची पेटी सायकलला बांधून मी हिंडायचो,
कोंचम, अम्मा, कोंचमच, म्हणत रक्त मागायचो.
बायका कट्टे मोजणं न थांबवता
तंबाखूच्या वासाचा डावा हात पुढं करायच्या.

बाईंचा शोध असा:
पहिल्या तापाची ओळख अंगात राहते,
आणि दुसऱ्या खेपेचा विषाणू थोडा निराळा निघाला
तर तीच ओळख त्याला हाताला धरून पेशीत नेते.
आमच्याकडं म्हणतात, ओळखीचा चोर जिवे न सोडी.
बाईंनी ते इंग्रजीत अकरा पानांत लिहिलं.

सत्तेचाळीस नंबर, श्रावंती गाजुल. वय नऊ. ताप दुसरा.
तक्त्यात नाव नाही.
नंबराच्या डोक्यावर एक तारा आहे
आणि ताऱ्याचा अर्थ खाली, बारीक अक्षरात.
मी तो वाचत नाही. मला येतो.

तिचा नमुना घेतला तेव्हा वीज नव्हती,
पेटीचं झाकण सकाळीच तुटलेलं,
सिव्हिल सहा किलोमीटर,
डांबर टायरला चिकटत होतं.
तिचा बाप राजय्या आत गेला, एक चादर घेऊन आला,
दुहेरी विणीची. मोराची मान चुकलेली,
म्हणून दुकानात न गेलेली.
ओली केली, पेटीला चार वेढे दिले, वरून सुतळी.
बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला.
पुढं सगळेच नमुने मी तसे नेले.
निबंधात ते एका वाक्यात आलं:
ओलसर, जाड सुती आवरण.

आता गंमत ऐका.
तेराशे बारांतले नऊशे जण
बाईंच्या शोधासाठी आलेच नाहीत.
ते आले त्या वाक्यासाठी.
जिथं वीज जाते, ऊन असतं, फ्रीज पोचत नाही,
अशा गावांची नावं बाईंनी मला वाचून दाखवली.
मला दोनच धड उच्चारता आली.

आकडा समितीला पुरला. बाई प्राध्यापक झाल्या.
पेढ्यांचा खोका टेबलावर, आणि बाई
खिडकीपाशी, बराच वेळ, काही न खाता.

रविवारी मी घरकुलात गेलो.
माग भंगारात गेलाय. राजय्या आता
टॉवेल कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला असतो.
म्हटलं, मामा, तुमची चादर परदेशात पोचली,
नऊशे ठिकाणी लिहिलंय तिच्याबद्दल.
कुठली?
मोराची. मान चुकलेली.
ती होय, तो म्हणाला,
ती पोरीच्या अंगावरची काढून दिली होती.
थंडी वाजत होती तिला, तरी दे म्हणाली.

मला उचकी लागली. खरंच लागली.
राजय्या उठला, तांब्या भरून आणला.
चौथा दिवस होता.
पाणी ताजं होतं.