ळ नसलेली लिपी

जिंतूरच्या तहसीलमागं एका खोलीत
काजी गयासोद्दीन रुमालानं भिंग पुसतात.
एका नोंदीचे पन्नास रुपये, चहा आपण पाजायचा.
बस्ता सोडला की आधी धूळ, मग कसर,
मग उजवीकडून डावीकडं चाललेली
निजामाच्या पटवाऱ्याची शाई.

"आडनाव?"
पौळ, मी म्हणालो.
ते हसले. "आमच्यात तुमचा ळ नाही, बाबा.
हे पे, हा वाव, हा लाम.
पोल वाचा, पूल वाचा, पौल वाचा, मर्जी तुमची.
पटवारी कानानं ऐकायचा, हातानं लिहायचा,
मधी जे सांडलं ते सांडलं."

चुलते सांगायचे, पौळ म्हणजे
देवळाभोवतीची दगडी भिंत.
आपण कुठल्याशा किल्ल्याचा कोट राखलेली माणसं.
कुठला किल्ला, ते दर लग्नात बदलायचं.

"पिराजी वल्द मुंजाजी," काजी वाचतात
आणि दोन्ही नावांवर थांबतात.
एक पिराच्या नवसाचं,
एक पारावरच्या पिंपळात राहणाऱ्या पोराचं.
"बाप तुमच्या भुताचा, लेक आमच्या पिराचा,"
तोंडातलं पान सावरत म्हणतात.
"लेकरं जगंना झाली की माणूस
दार कुणाचं ते बघत नाही. ठोठावतो."

मला हवं होतं बेचाळीस नंबरचं मूळ नाव,
लेकीच्या फॉर्मला जोडायला.
लेकीचं नाव स्पृहा. मोबाईलवर शोधून ठेवलेलं.
मायला दात नाहीत, ती सुपी म्हणते.

त्या वावराला सगळं गाव उकंडीचं म्हणतं.
मी समजत होतो, तिथं कधीकाळी
गावाचा उकंडा असणार;
कापूस म्हणूनच छातीला लागतो.
काजींचं बोट सरकत सरकत अडलं.
"मसम्मात उकंडी. जौजे..."
पुढं भोक.
नवऱ्याचं नाव कसरीनं खाल्लेलं.
खाली रकबा, आकार, आणि कब्जेदार तीच.

मी बाहेर येऊन मायला फोन लावला.
"ती व्हय? माझ्या आजेसासूची सासू.
तिच्या आधीच्या पाच गेल्या.
ही जन्मली तशी नेऊन उकंड्यावर ठेवली,
शेजारणीनं सुपात उचलली,
अन् बापानं शेरभर ज्वारी मोजून
आपलीच लेक इकत घेतली.
मरणानं मग वळून बघितलं नाही.
केरात कोण हात घालतंय?
लग्नात नाव बदललं होतं तिचं, तांदळात लिहून.
रुक्मिण का काय. कुणी हाक नाही मारली त्या नावानं."
मला ठाऊक नव्हतं, म्हणालो.
"कामून असंल ठाऊक? तू इचारलंस कधी?"
मागून सुपीचं रडू ऐकू आलं, आणि फोन कटला.

इतकी वर्षं आम्ही
तिच्या नावात नांगर घालत होतो,
कपाशी वेचत होतो, बांधावरून भांडत होतो,
आणि किल्ला शोधत होतो.

काजींनी नक्कल लिहिली, देवनागरीत,
थरथरत्या पण नेटक्या अक्षरात.
शेवटी पेन अडलं.
"ळ कसा काढता तुम्ही? दोन गोळे ना?"
मी वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवला.
त्यांनी गिरवला, जरा मोठाच झाला,
ओळीच्या बाहेर गेला.
"राहू द्या," मी म्हणालो. "तेवढाच उरलाय."

खिडकीवरच्या पोरानं कागद उलटसुलट केला.
"उकंडी हे पूर्ण नाव आहे का?
बापाचं, नवऱ्याचं काहीच नाही?"

पूर्ण आहे, म्हणालो.
मार शिक्का.