पाचवा माग

साखर पेठेतले चारही माग भंगारात गेले,
सहा वर्षं झाली.
पाचवा माझ्या डाव्या कानात चालूच आहे.
रात्रपाळी. लाईटसुद्धा जात नाही.

पोरीनं तिकीट काढलं, हॅम्बुर्गचं.
बॅगेत शेंगाची चटणी, दोन टॉवेल,
डॉक्टरीणबाईंना द्यायला.

काचेच्या खोलीत शिट्ट्या ऐकवल्या:
बारीक, जाड, त्याहून बारीक.
तुमचा आवाज यातला कोणता?
म्हटलं, यातला नाहीच.
धोटा अडकायच्या आधी
माग घसा खरवडतो ना, तसा.
पोरगी बराच वेळ गप्प.
धोट्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात
तिला आठवेना.

मग सही.
अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना मिठाचं पाणी,
कुणाला काय, ते सुई टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही.
पडद्यातून थंडगार काहीतरी आत उतरलं.

घरी आलो तर नरसव्वा
सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
वर न बघता विचारलं, "थांबला?"

मला सांगता येईना.
तिनं दोरा दातानं तोडला,
सूप बाजूला सारलं,
माझ्या कानाला कान लावून बसली.

"धागा तुटलाय कुठंतरी," म्हणाली,
"बघा की."