टांगलेलं दही

एक शेगडी, तीही पाच किलोच्या सिलिंडरवरची.
एक पातेलं, एक तवा,
चमचे तीन. चौथा कंपनीच्या कँटीनमधून आलाय, तो मोजत नाही.
सातपूरच्या या खोलीत येऊन आठ महिने झाले
आणि आज पहिल्यांदा कोणी फोन करून येतंय.

वन्सं.
वन्सं म्हणायचं का अजून, हे कोर्टाने सांगितलेलं नाही.
सोबत भाऊजी, आणि ऋजुता, तिला आता सातवं लागलं असेल.
"काही करत बसू नकोस हं," त्या म्हणाल्या.
म्हणजे काहीतरी करायलाच हवं.

काल सेकंड शिफ्टला निघण्याआधी
दीड किलो दही आणलं, पांढरी ओढणी दोनदा उकळली,
गाठ मारून मोरीतल्या नळाला टांगलं.
रात्री साडेबाराला कुलूप उघडलं तर अंधारात
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.
जसं कोणीतरी माझी वाट बघत जागं होतं.
खाली पातेल्यात हिरवट पिवळं पाणी.
ते फेकायचं नाही, त्यात सकाळची कणीक भिजते.

शेजारच्या खैरुन्निसा आपा मिक्सर घेऊन दारात.
दोन मिनिटांचं काम, म्हणाल्या.
आपा, मिक्सरात चक्क्याचं ताक होतं.
याला चहाची गाळणी लागते, चमच्याची पाठ लागते,
आणि दिवसभर स्विचचे स्क्रू पिळणारं मनगट.
ते आहे माझ्याकडे.
पुरणयंत्र तिकडे राहिलं. बरंच काही तिकडे राहिलं.

साखर पेपरवर पसरली, वरून पाण्याची बाटली फिरवली लाटण्यासारखी.
वेलदोड्यांना खलबत्ता नाही
म्हणून दाराचं कुलूप काढून धुतलं
आणि ठेचलं त्यानेच.
चांगलं जड आहे. इथे आल्यावर पहिली खरेदी तीच,
दुकानातलं सगळ्यात महागाचं.

द्राक्षं शेवटी.
मार्चमध्ये आयटीआय सिग्नलपाशी गाडीवर
सुटे मणी मिळतात, घडातून निखळलेले, पेटीत न गेलेले.
घडाच्या निम्म्या भावात. गोडीला काही झालेलं नसतं.
उभे चिरून वर मांडले,
फ्रीज नाही म्हणून पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाला टेकवून ठेवलं.

आले.
वाट्या दोन, कान तुटलेला एक कप, एक डब्याचं झाकण.
झाकण ऋजुताने मागून घेतलं, पसरट आहे म्हणून.
कप मी.
भाऊजी पंख्याकडे बघत खात होते. "कुठल्या डेअरीचं?"
वन्सं दोरीवर वाळणाऱ्या ओढणीकडे बघत म्हणाल्या,
"घरचं आहे."
घर म्हणाल्या त्या. या खोलीला.
त्यांच्या भावाचं नाव कोणी काढलं नाही.
भांडीही चारच होती.

निघताना पिशवीतून एक डबा काढला,
माझाच, स्टीलचा, पाच किलोचा.
"माळ्यावर होता. त्याला माहीत नाही."
तळाशी मूठभर साखर,
रिकामा डबा कुणी कुणाला देत नाही.
झाकणावर अक्षरं:
चि. सौ. कां. वैजयंती हिस, मोहाडीच्या मामांकडून.
'सौ.' घासून घासून पुसट झालेलं.
मामा मात्र ठळक.

मी "या हं परत" म्हणाले,
आणि जिन्याच्या वळणावर त्या गेल्यावर
तोंडातून आपोआप आलं, "वन्सं."
ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
खालून ऋजुताचा आवाज येत होता,
तिला झाकण सोबत न्यायचं होतं.

पाच वाजता शिफ्टची बस.
दार ओढलं. किल्ली जरा अडकली,
खाचेत साल गेलं असणार.
बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं,
वेलदोड्याचा वास कुठून येतोय हो?