पुलापाशी

ऑक्टोबरात दहा जण आले होते.
मिनीबसभर नव्या बुटांचा वास.
म्हटलं, आजच भिजवा,
मे महिन्यात बुटांशी ओळख करून घ्यायला वेळ नसतो.
हसले.
दुपारी टॅव्हीच्या उगमाकडच्या दलदलीत
लोवेना मांडीपर्यंत आत गेली
आणि बूट न घेताच वर आली, तेव्हा कुणी हसलं नाही.
बूट काढायला तिघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले.
पहिला धडा तो. मी नुसती दोर धरून उभी.

मी रसायनशास्त्र शिकवते.
डार्टमूरच्या माळावर शिकवण्यासारखं फार थोडं आहे.
होकायंत्राची सुई छातीवरच्या चाव्यांना भुलते.
ओले मोजे पोटाशी घेऊन झोपलं
की सकाळी निदान कोमट होतात.
गवताच्या गड्ड्यावर पाय देऊ नका, तो मुरगळतो.
दोन गड्ड्यांच्या मध्ये देऊ नका, तो बुडतो.
मग कुठे द्यायचा, मिस?
एकवीस वर्षं झाली, कुणी ना कुणी विचारतंच.

नोव्हेंबरात दोघांनी फुटबॉल पत्करला.
जानेवारीत एका आईची चिठ्ठी आली:
तुम्ही त्याच्या टाचा पाहिल्यात का?
पाहिल्या होत्या. फोड मीच फोडले होते,
तंबूत, टॉर्च दातांत धरून.
तो परत आला नाही.
उरले सात. संघात सहाच.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी
चार वाजता पोस्टब्रिजच्या पुलावर यायचे होते.
पाच वाजले. धुकं इतकं उतरलं
की नदी नुसती ऐकू येत होती.
गुडघा धरलेला माझा, मागे जाता येत नाही,
आणि जायचंही नसतं; हीच तर शिकवण.
मेंढ्या मोजायला निघालेले लस्कम गाडी थांबवून म्हणाले,
कोट उलटा घालायला सांगितलंत ना पोरांना?
चकवा लागला या माळावर, तर कोट उलटा करायचा.
मग वाट सोडते.
मी म्हटलं, त्यांना पावलं मोजता येतात.
हं, म्हणाले, आणि गेले.

सहाला पाच कमी असताना आले,
नको त्या बाजूनं,
एकामागे एक, काझिककडे दोन पिशव्या.
पेरनचं जाकीट उलटं, शिवणी बाहेर, लेबल मानेवर.
नकाशा पाहिलात?
पाहिला, टेगन म्हणाली. त्यावर आम्ही नव्हतो.
मग पावलं मोजली, मग भांडलो, मग सूप प्यायलो.
मग याचं जाकीट.
मी ओरडणार होते. तोंडातून निघालं,
सूप उरलंय का?

एप्रिलात सातवं नाव खोडायचं होतं.
टेगन. नकाशा तिच्यासारखा कुणी वाचत नाही,
पण चढाला मागे पडते.
दोन दिवस कागद खिशात ठेवून फिरले.
तिसऱ्या दिवशी काझिकचा घोटा जिन्यावर गेला,
शाळेच्या, कोरड्या, कठडा असलेल्या जिन्यावर.
सुटल्यासारखं वाटलं मला.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आज पहाटे साडेपाचपासून टेकडीखाली शेकडो मुलं,
धुरकट चुली, गुडघ्याला गुडघे.
फोन सीलबंद. पस्तीस मैल, दहा खडक, दोन दिवस.
तोफ झाली आणि सगळा उतार एकदम हलला.
लोवेनाची लाल टोपी थोडा वेळ सापडत होती.
एकानंही वळून पाहिलं नाही.
हात वर केला होता मी, तो मग केसांवरून फिरवला.

आता मिनीबसमध्ये काझिक
बँडेजचा पाय सीटवर ठेवून
मांडीवर नकाशा पसरून बसलाय.
बोट अगदी सावकाश सरकतंय,
सपाटीला तासाला चार किलोमीटर,
ओठांत पावलं मोजणं चालू.
फ्लास्क उघडला, त्याच्यासाठी कप भरू लागले,
तर म्हणाला, थांबा मिस,
अजून चढ संपला नाही.