केसांची दिशा

इनारीत डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
बारा ते दोन आभाळावर निळसर उजेडाची साय धरते,
तेवढ्यात मी रंग निवडून घेते.
बाकीचं काम दिव्याखाली.

फळीवर लिंक्स आहे, अर्धा.
डोळे आधी काढले. नेहमीच आधी काढते.
डोळा चुकला तर पुढच्या चाळीस तासांची फर
फुकट जाते, हे बरेच कागद फाडून शिकले.
कागद पॉलिशपेपरसारखा,
बोटांची कातडी झिजवत रंग पिणारा.
आधी काळोख भरायचा, मग त्यावर उजेड चढवायचा.
काळ्या केसांत काळा खडू घालायचा नाही:
जांभळा, गर्द हिरवा, वाळल्या रक्ताचा तपकिरी,
त्यांच्या भांडणातून काळं आपसूक येतं.
मिशा शेवटी. एका दमात.

खरा लिंक्स मी एकदाच पाहिला,
सेव्हेत्तियार्वीच्या रस्त्यावर, गाडीच्या दिव्यांत.
चार सेकंद. फार तर पाच.
बाकी सगळं फोटोंवरून,
आणि वनखात्याच्या फ्रीजरमधली एक मेलेली मादी,
तिच्या कानांचे झुबके मी पट्टीने मोजून आले.

मंगळवारी निल्लास आला. साठीचा, रेनडिअरवाला.
बूट दाराशी झटकले, झटकतच राहिला.
मग खिशातून फोन काढला:
बर्फ, कुणाचा तरी अर्धा हात,
आणि कोपऱ्यात पळणारा एक काळा डाग.
‘हा चाप्पे,’ म्हणाला. ‘चौदा वर्षं कळपामागे धावला.
एवढाच फोटो. कामाच्या कुत्र्याचे कोण काढतंय फोटो?’

यावरून नाही व्हायचं, मी म्हटलं.
कपाळ दिसत नाही, नाक कुठे संपतं कळत नाही,
आणि कानामागे केस कुठे वळतात ते तर...

‘बरं,’ म्हणाला. कॉफी प्यायला.
दुसरी प्यायला.
चाऱ्याचे भाव, स्नोमोबिलचा तुटलेला पट्टा,
दुकानदाराने दिलेला चुकीच्या मापाचा दुसरा पट्टा,
आणि हे सगळं सांगता सांगता
त्याचा डावा हात टेबलाखाली गेला,
गुडघ्याच्या उंचीवर हवेत फिरू लागला.
कपाळावरून मागे.
कानाच्या मुळाशी अंगठा थबकला,
एक छोटा गोल, उलटा.
मानेवर बोटं रुतली (तिथे दाट असणार),
मग खांद्यापाशी तळवा किंचित वर उचलला,
आणि पुढे पुन्हा टेकला.

मी गुपचूप खडू घेतला.
पट्ट्याचं पुढे काय झालं? मी विचारत राहिले.
त्या दुकानदाराचे इतके उपकार
आजवर कुणी मानले नसतील.

शेवटी विचारलंच: खांद्याला काय झालं होतं त्याच्या?
निल्लासने हाताकडे पाहिलं,
दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.
‘मादीने लाथ मारली होती, पिल्लू मध्ये होतं म्हणून.
तुला कोणी सांगितलं?’

नऊ दिवस लागले.
लिंक्स भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तोवर.
तो न्यायला आला तेव्हा काच बसवायची होती अजून.
हा रंग कधी वाळत नाही, मी बजावलं,
फवारा मारला तर घट्ट बसेल,
पण डोळ्यातला उजेड विझेल, म्हणून मारत नाही.
‘म्हणजे हात लावायचा नाही.’
नाही.

मी खिळे आणायला आत गेले.
खिळे समोरच्याच डब्यात होते.

परत आले तर कानाच्या मुळाशी
छोटा गोल पुसट झालेला,
केस वळायचे तिथेच वळलेले,
माझ्यापेक्षा बरे.
मी तो तसाच ठेवून काच बसवली.

चित्र त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळून स्लेजला बांधलं.
उणे सव्वीस होतं.
उजव्या हातात हातमोजा होता.
डावा त्याने उघडाच ठेवला,
अंगठा जरा दूर धरून.